‘हो’ म्हणाल्या, म्हणजे नेमकं काय म्हणाल्या?

पत्र

सांगली जिल्ह्यातून एका 36 वर्षांच्या वाचकाचं पत्र आलं आहे. वडिलांनी उभा केलेला मसाल्याचा कारखाना आता ते सांभाळतात, चौदा माणसं कामाला आहेत. दालचिनी आणि चक्रीफूल पूर्वी वाशीच्या बाजारातून घ्यायचे. गेली दोन वर्षं हनोईच्या एका व्यापारी बाईंकडून थेट मागवतात. बाई पंचावन्नच्या आसपास, यांना ‘एम’ म्हणजे धाकटा भाऊ म्हणतात. चार कंटेनर वेळेवर आले. पाचव्यासाठी या जानेवारीत 30 टक्के इसार दिला. 28 जानेवारीला माल जहाजावर चढायचा होता. विचारलं की ‘येस, येस, नो प्रॉब्लेम’, मग ‘प्रयत्न करतोय’, मग शांतता.

शेवटी मेहुण्यांच्या सांगण्यावरून 18 फेब्रुवारीला यांनी वकिली भाषेतला मेल धाडला. बाईंच्या कचेरीतल्या सगळ्यांना आणि शिपिंग एजंटलाही त्याची प्रत गेली. बाईंचं दोन ओळींचं उत्तर आलं. मार्चच्या मध्यावर माल जुन्याच भावाने आला आणि उत्तम निघाला. त्यानंतर बाईंनी विनंती केली की भाव चढलाय, टनामागे थोडे वाढवून द्या. त्याला यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

आता बाई म्हणतात, दालचिनीची साल कापण्याचं आणि पॅकिंगचं युनिट तिकडेच भागीदारीत टाकू. तुम्ही 40 लाख घाला. परदेशी माणसाच्या नावाने कागद करायला वेळ लागतो, म्हणून कंपनी माझ्या धाकट्या भावाच्या नावावर काढू. वाचकाचे वडील म्हणतात, ‘हो हो म्हणून गळा कापणारी माणसं ती.’ त्यांनी एक पुरावाही शोधलाय: जुन्या बिलावर बाईंच्या गोदामाचा पत्ता येन बाय प्रांतातला होता, नव्यावर लाओ काय. ‘बाई फसव्या आहेत का? संबंध तोडू की पैसे घालू? तिकडे धंदा असाच चालत असेल तर मुकाट्याने चालवून घ्यायचं का?’

उत्तर

आधी वडिलांचा पुरावा निकालात काढू. 1 जुलै 2025 पासून व्हिएतनामने आपल्या 63 प्रांत-शहरांची जुळवाजुळव करून 34 केली. त्यात येन बाय प्रांत लाओ कायमध्ये विलीन झाला. गोदाम जागचं हललेलं नाही, पाटी बदलली आहे. तुमच्या जुन्या करारांवर, फायटोसॅनिटरी (मालाला कीड-रोग नाही अशा) दाखल्यांवर आणि बँकेच्या कागदांवर जुना पत्ता असेल तर तो सरसकट बदलून घ्या. दोन कागदांवर दोन पत्ते दिसले की आपल्या कस्टममध्ये माल उगाच अडकतो.

आता 18 फेब्रुवारी. यंदा तेत, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, 17 फेब्रुवारीला होतं. तुमचा मेल पोचला तो नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी. तेतच्या आधी आपापली देणी फेडून मोकळं व्हायचं आणि नव्या वर्षाचे पहिले दिवस कुणी कुणाकडे पैशाचा तगादा लावायचा नाही, ही तिथली जुनी रीत आहे. त्या दिवसांत जे कानावर पडतं ते वर्षभर पाठ सोडत नाही, असं मानतात. कोणी पहिला उंबरा ओलांडायचा हेही घरोघरी आधीच ठरवतात. लक्ष्मीपूजनाला दिवे लावून वहीवर कुंकू वाहताना दारात वसुलीवाला उभा राहावा, आणि त्याने गल्लीलाही ऐकवावं, तसं ते झालं. तुम्हाला हे माहीत नव्हतं, मुद्दाम केलं नाहीत. पण तुमच्या पत्रातलं सगळं पुढचं कोडं त्या दिवसापासून वाचायला हवं, म्हणून त्याच्यावर थांबले.

मेलचा मायना तुम्ही मला पाठवलात. वरती लिहिलंय ‘डिअर मिसेस न्गुयेन’. आधीच्या सगळ्या पत्रांत त्या तुम्हाला ‘एम’ लिहितात आणि तुम्ही त्यांना ‘ची’, म्हणजे मोठी बहीण. व्हिएतनामी भाषेत ‘मी-तू’ला अशी नात्याचीच नावं लागतात. धाकटा, थोरली, काका, आजी, असं आधी ठरल्याशिवाय वाक्यच सुरू होत नाही. आपल्याला हे वेगळं शिकवायला नको, बसच्या कंडक्टरलाही आपण दादा म्हणतो. तिथे आडनाव आधी येतं आणि नाव शेवटी, आणि न्गुयेन हे आडनाव साधारण तीन माणसांत एकाचं असतं. दोन वर्षं ‘ताई’ म्हणणाऱ्याने एका सकाळी चारचौघांसमोर ‘सौ. पाटील’ म्हणून नोटीस वाचावी, तर कसं वाटेल? हाताखालच्या पोरांसमोर तोंड दाखवायला जागा राहत नाही. तरीही बाईंनी माल पाठवला.

माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि तुम्ही ती जाता जाता लिहिलीत. माल जुन्या भावाने आधी आला, वाढीव भावाची विनंती नंतर. फसवणाऱ्याला हा क्रम परवडत नाही. तो माल अडवतो आणि मग भाव मागतो. 2024 मध्ये व्हिएतनामात कॉफीचा भाव एप्रिलात किलोला 1 लाख 30 हजार डोंगच्या (तिथल्या चलनाच्या) वर गेला तेव्हा मधल्या कित्येक व्यापाऱ्यांनी जुन्या सौद्याचा माल देणंच बंद केलं. निर्यातदारांना बाजारातून महाग माल उचलून शब्द पाळावा लागला. तिथले शेतकरी कॉफी-मिरी गावच्या व्यापाऱ्याच्या गोदामात ठेवतात आणि भाव मनासारखा झाला की सौदा पक्का करतात. मधला व्यापारी बुडाला की गाव बुडतं. अडत्याकडे माल टाकून पट्टीची वाट बघणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. तुमच्या बाईंच्या जागी शब्द मोडायचाच असता तर वाट मळलेली होती.

मग ‘येस, येस’ म्हणून गप्प का बसल्या? इथे तुमच्या घरातल्या सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, की हो म्हणजे कबूल आणि गप्प म्हणजे लबाडी. व्हिएतनामी माणूस बोलताना ‘वांग’ म्हणतो. त्याचं भाषांतर ‘येस’ करतात, पण पुष्कळदा त्याचा अर्थ ‘ऐकतोय’ एवढाच असतो. आपल्याकडे घरातलं वडीलधारं माणूस फोनवर ‘हो… हो… बरं…’ म्हणत असतं, तेव्हा पलीकडच्याचं सगळं त्याला मान्य असतं का? ‘प्रयत्न करतोय’ म्हणजे ‘जमत नाहीये’. आणि गप्प बसणं म्हणजे बहुतेक वेळा ‘जमलं नाही, आणि तुला सांगायची लाज वाटतेय’.

इसार कधी दिलात तेही पाहा. दालचिनीची साल झाडावरून सहज सुटते ती वर्षातून दोन हंगामांत, एकदा वसंतात आणि एकदा शरदात. बाईंचा भाग म्हणजे जुन्या येन बायमधलं वान येन, तिथे दाओ लोकांच्या डोंगरउतारांवर ही झाडं आहेत. दहा-दहा वर्षं वाढवलेलं झाड लेकीच्या लग्नाला किंवा घर बांधायला तोडायचं, अशी तिथली ठेव. जानेवारीत शरदाचा चांगला माल बहुतेक विकून झालेला असतो, वसंताची साल अजून झाडावरच असते, कामगारांना तेतच्या तोंडावर तेराव्या महिन्याचा पगार द्यायचा असतो, पैसे मागणारे दारात असतात आणि बंदरावर जो तो सुट्टीआधी कंटेनर रेटत असतो. त्यात बाईंनी तुम्हाला 28 जानेवारी कबूल केली. ही चूक त्यांची आहे, ती झाकायची नाही. ‘नाही जमणार’ हे डिसेंबरातच सांगायला हवं होतं. पण उत्तर ‘हो’च यावं असा प्रश्न आपणही विचारला होता.

मी मसाल्याच्या आयातीत बरीच वर्षं काढली. हनोईच्या जुन्या पेठेत लान ओंग नावाची गल्ली आहे, औषधी मुळ्या आणि मसाल्यांची. पहिल्या खेपेला सकाळी सातच्या सुमारास तिथे गेले. एक दुकान नुकतं उघडलं होतं. उंबऱ्यालगत जमिनीवर लाल देव्हारा, त्यात पोट सुटलेला हसरा भूमीदेव आणि शेजारी धनदेव, पुढे उदबत्ती आणि पेलाभर काळी कॉफी. मी चक्रीफुलाच्या पोत्यात हात घातला, ओंजळभर फुलं पालथी करून तुटकी किती ते पाहिलं, भाव विचारला, निम्म्याने मागितला आणि ‘नंतर येते’ म्हणून निघाले. दहा पावलांवर वळून बघते तो दुकानदारीण कागदाचा बोळा पेटवून दारातून ओवाळत होती. दुभाषी मुलगी खाली मान घालून म्हणाली, दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक घासाघीस करून रिकाम्या हाताने गेलं की दिवस फुकट जातो, ती ते जाळून टाकतेय. मला आमचा भाजीवाला आठवला, ‘ताई, भवानीच्या वेळेला नका हो भाव पाडू.’ मी परत गेले आणि अर्धा किलो फूल सांगेल त्या भावाने घेतलं. तिने मोजून झाल्यावर दालचिनीचा वीतभर तुकडा वर ठेवला, लांग सोनच्या फुलाला येन बायची साल. हसली.

भवानीला ते ‘मो हांग’ म्हणतात. भिशी तिकडेही आहेच. नववर्षाच्या दहाव्या दिवशी धनदेवासाठी सोनं घ्यायला सराफांकडे रांगा लागतात, गुरुपुष्याला आपल्याकडे लागतात तशा. चांद्र सातवा महिना पितरांचा आणि भटक्या आत्म्यांचा, त्यात मोठा सौदा किंवा नवं दुकान नको. यंदा तो साधारण 13 ऑगस्ट ते 10 सप्टेंबर आहे. पितृपक्षात गाडी न घेणाऱ्या तुमच्या वडिलांना हे सांगा. ‘ती माणसं’ हा शब्द त्यांच्या तोंडून थोडा मऊ होईल, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक गोष्ट त्यांच्या कानावर घाला. 1986 च्या डिसेंबरात तिथल्या कम्युनिस्ट पक्षाने ‘दोई मोई’, म्हणजे नूतनीकरणाचं धोरण आणलं, तेव्हा महागाई वर्षाला 700 टक्क्यांच्या पुढे गेली होती. त्याआधी तांदूळ कूपनवर मिळायचा आणि खासगी व्यापार करणाऱ्याकडे संशयाने बघायचे. तुमच्या बाईंचं लहानपण त्या रांगांमधलं. पुढे दारं उघडली, अमेरिकेने 1994 मध्ये निर्बंध उठवले, 2007 मध्ये देश जागतिक व्यापार संघटनेत आला, पण बँकेचं कर्ज बराच काळ सरकारी कंपन्यांकडेच वळायचं. लहान व्यापारी उभा राहिला तो भावंडं, शेजारी आणि भिशीच्या पैशावर. त्यामुळे कागदाआधी माणूस बघायची सवय त्या पिढीत खोल गेली आहे. आज त्यांच्या दालचिनीचा आणि चक्रीफुलाचा सर्वात मोठा ग्राहक भारत आहे. भीती तिकडेही असते. 2022 मध्ये इटलीला निघालेल्या काजूच्या कंटेनरांची मूळ कागदपत्रंच हातची गेली आणि व्हिएतनामी निर्यातदारांचा माल फुकट जायची वेळ आली होती. त्या गोष्टी तिकडच्या व्यापाऱ्यांच्या कानावर आहेत.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: तुम्ही लिहिलंय त्यावरून बाई फसव्या वाटत नाहीत. संबंध तोडू नका.

पण 40 लाख भावाच्या नावावर घालू नका. हे मी तितक्याच ठामपणे सांगते. बाई खऱ्या आहेत म्हणून कागद कच्चा चालतो, असं होत नाही. कंपनी ज्याच्या नावावर, मालक तो. उद्या त्या भावाचा घटस्फोट झाला, तो कर्जात बुडाला किंवा देव न करो काही बरंवाईट झालं, तर त्याच्या बायको-मुलांसमोर तुमचा हक्क सिद्ध करायला तुमच्याकडे काय असेल? बाईंची दोन वर्षांची पत्रं? दुसऱ्याच्या नावावर मालकी ठेवणं तिथे वाकडं मानत नाहीत, घराघरात चालतं. पण त्याच वाटेने केवढं मोठं प्रकरण झालं तेही बघा. 2024 मध्ये त्रुओंग मी लान या उद्योजिकेला शिक्षा झाली. एका व्यक्तीला बँकेत 5 टक्क्यांपर्यंतच हिस्सा ठेवायची मुभा असताना दुसऱ्यांच्या नावांआडून तिने सायगाव कमर्शियल बँकेचा 90 टक्क्यांहून जास्त हिस्सा हाती ठेवला होता. तुमचं युनिट मुंगीएवढं. तरी तपासणारे अधिकारी आता नावांकडे जास्त निरखून बघतात.

आपल्या बाजूचंही आहे. परदेशात भांडवल घालायला फेमाचे, म्हणजे परकीय चलन कायद्याचे, 2022 चे नियम आहेत, पैसे बँकेमार्फत, रीतसर फॉर्म भरून जातात. दुसऱ्याच्या नावावरच्या कंपनीसाठी तो फॉर्म भरता येणार नाही. मग कोणीतरी सुचवेल, ‘मालाचा इसार म्हणून पाठवा.’ तसं करू नका. त्या इसारापोटी माल आला नाही की बँक विचारणार, आणि उत्तर देताना तुम्ही एकटे असाल.

युनिट हवंच असेल तर मध्ये एक पायरी आहे. पुढच्या दोन हंगामांसाठी बाईंकडून साल कापून, निवडून, तुमच्या पिशवीत भरून घ्या आणि किलोमागे मजुरी द्या. लागलं तर एखादं यंत्र तुमच्या नावावर ठेवून, लेखी कराराने वापरायला द्या. घट किती येते, ओलावा किती राहतो, आपल्याकडे आणून कापण्यापेक्षा खरंच स्वस्त पडतं का, हे कळेल. आकडे जुळले तर रीतसर गुंतवणूक-नोंदणीचा दाखला काढून तुमचा हिस्सा तुमच्याच नावावर घ्या. पुष्कळ धंद्यांत परदेशी माणसाला पूर्ण मालकीसुद्धा मिळते. दोन-तीन महिने लागतील. दहा वर्षांच्या झाडाच्या धंद्यात ते काही फार नाहीत. जागेचं मात्र नीट विचारा: तिथे जमीन सगळ्या जनतेची असते, माणसाकडे असतो तो वापराचा हक्क. भाड्याने घ्याल तर तो हक्क कोणाच्या नावावर आहे आणि किती वर्षांचा, याचा कागद पाहिल्याशिवाय भिंत बांधू नका. या कामासाठी तिथला वकील तुम्ही स्वतः नेमा, बाईंनी सुचवलेला नको. त्या रागावणार नाहीत, कारण त्यांच्या भावाच्या डोक्यावरची जोखीमही त्याने उतरते. हे त्यांना असंच सांगा.

रोजच्या व्यवहारात काय बदलायचं, ते तुमच्यासारखाच थेट माल आणणाऱ्या बाकीच्या वाचकांसाठीही लिहिते. ‘माल वेळेवर निघेल ना?’ असं विचारू नका. ‘आज गोदामात वाळलेला माल किती टन आहे, फोटो पाठवता का?’ असं विचारा. त्याला ‘येस’ हे उत्तर देताच येत नाही. पुढचा तेत 6 फेब्रुवारी 2027 ला आहे. त्याच्या आधीचे तीन आणि नंतरचे दोन आठवडे मालाची तारीख धरूच नका. शरदाच्या मालाचा सौदा सप्टेंबरातच करा. कंपनीचा कर-क्रमांक तिथल्या राष्ट्रीय नोंदणीच्या संकेतस्थळावर घालून पाहा. कायदेशीर प्रतिनिधी म्हणून ज्याचं नाव दिसेल त्याचीच सही करारावर हवी, नाहीतर त्याचं मुखत्यारपत्र. कंटेनर भरताना त्रयस्थ कंपनीकडून तपासणी करून घ्या आणि उरलेली 70 टक्के रक्कम मालाचे कागद बँकेत पोचल्यावर बँकेमार्फतच द्या. बँक खातं बदललं असा मेल आला तर ओळखीच्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक रुपया सोडू नका. मेल चोरून पैसे वळवणारे बाईंच्याही नावाने लिहू शकतात. आसियान कराराची जकात-सवलत घेत असाल तर फॉर्म एआय, म्हणजे माल कुठल्या देशाचा याचा दाखला, लागतोच, शिवाय 2020 पासून माल खरोखर कुठे पिकला याची माहिती आयातदाराकडेच असावी लागते. करारात सिंगापूरचा लवाद घाला. एका कंटेनरसाठी तिथवर कोणी जात नाही हे खरं, तरी दोन्ही देश परदेशी लवादाचे निवाडे मानणाऱ्या न्यूयॉर्क कराराचे सदस्य असल्याने तो निवाडा दोन्हीकडे बजावता येतो, कोर्टाच्या हुकुमाचं तसं नाही.

पाकिटाबद्दलही तुम्ही चाचपडत एक ओळ लिहिली आहे. तेतला मुलांना किंवा कामगारांना लाल पाकिटात थोडे पैसे देतात, ती ‘ली सी’, शुभेच्छा. ती जरूर द्या, कोऱ्या नोटांची. अधिकाऱ्याच्या टेबलावर सरकवायचं पाकीट ही वेगळी गोष्ट. ते तुमच्या नावाने कोणी देऊ नये, हे बाईंना एकदा स्पष्ट सांगा. बिलात ‘इतर खर्च’ दिसला तर पावती मागा.

वाढीव भावाचं राहिलं. करार ठरल्या भावाचा होता, तुम्ही बांधील नाही. पण मी तुमच्या जागी असते तर या कंटेनरचा भाव तसाच ठेवून, पुढच्या सौद्यात त्यांना थोडा वर धरला असता, आणि का ते सांगितलं असतं: उशीर झाला तरी शब्द पाळलात म्हणून. शिवाय भाव ठरावीक टक्क्यांच्या वर किंवा खाली गेला तर दोघांनी निम्मं-निम्मं सोसायचं, असं कलम घाला.

माफी मात्र मेलने मागू नका. मेल सगळ्यांना गेला होता, म्हणून सगळ्यांना माफीचा मेल टाकावा असं वाटेल. त्याने जुनी जखम त्याच पोरांसमोर पुन्हा उघडी पडेल. शरदाच्या हंगामात, चांद्र सातवा महिना संपल्यावर, वडिलांना घेऊन वान येनला जा. म्हातारा बाप मुलाबरोबर आलाय, याचा अर्थ तिथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. जेवताना त्यांच्या माणसांसमोर वडिलांनी एवढंच म्हणावं, की चारही कंटेनर आणि पाचवाही, माल चांगला आला. सोबत आपली सांगलीची हळद न्या.

तोवर आज-उद्या एक फोन करा. हनोई आपल्यापुढे दीड तास आहे आणि दुपारी जेवून तिथे माणसं थोडा वेळ आडवी होतात, म्हणून आपल्याकडे बारा वाजून गेले की लावा. कंटेनर, भाव, युनिट, काहीच काढू नका. वसंतातली साल कशी निघाली ते विचारा, पाऊस लागला का विचारा. आणि सुरुवात ‘ची’ म्हणून करा.